किती रक्ताचे, किती संस्कारांचे?

मराठीत 'खाण तशी माती' अशी एक म्हण आहे आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' अशी दुसरी. एकाच घरात या दोन्ही म्हणी सुखाने नांदतात, कारण त्यांचा वापर सोयीने होतो. स्थळ पाहताना घराण्याची चौकशी करणारा गृहस्थ पहिली म्हण उच्चारतो आणि पुढे मुलगा बिघडला की त्याच्या मित्रांवर दोष ढकलताना त्यालाच दुसरी आठवते. माणूस घडतो तो जन्मतः मिळालेल्या गोष्टींमुळे की वाढताना मिळालेल्या गोष्टींमुळे, या प्रश्नावर मानसशास्त्राने सुमारे दीडशे वर्षे खर्च केली आहेत आणि सोयीची म्हण निवडण्याची ही सवय शास्त्रज्ञांनाही सहजासहजी सुटलेली नाही. हा इतिहास वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो. 'किती टक्के निसर्ग आणि किती टक्के संगोपन' असे कोणी विचारले, तर ते नेमके कशाचे टक्के आहेत?

हा वाद प्लेटोपासून चालत आला आहे असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला केवळ प्रश्न विचारून भूमितीतील एक सत्य त्याच्याच तोंडून वदवून घेतो आणि ज्ञान आत्म्यात आधीपासूनच असते असा निष्कर्ष काढतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन लॉक यांनी याच्या उलट बाजू मांडली: मन जन्मतः कोऱ्या कागदासारखे असते आणि त्यावरची सगळी अक्षरे अनुभव लिहितो. मात्र या दोघांचाही प्रश्न 'मनुष्यमात्राला ज्ञान कोठून मिळते' असा होता. एकाच वर्गातील एक मुलगा दुसऱ्यापेक्षा हुशार का निघतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि या शास्त्राचा जन्म सहसा तेथूनच मोजला जातो. तेही सर्वांच्या मनाला सारखेच लागू होणारे नियम शोधत होते. माणसामाणसांतील फरक हाच अभ्यासाचा विषय ठरवला तो कोठेही प्राध्यापक नसलेल्या, वडिलोपार्जित संपत्तीवर निवांतपणे संशोधन करणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाने.

फ्रान्सिस गॉल्टन यांचा जन्म १८२२ चा. चार्ल्स डार्विन हे त्यांचे नात्याने भाऊ. इरॅस्मस डार्विन हे दोघांचेही आजोबा, फक्त एकाचे वडिलांकडून आणि दुसऱ्याचे आईकडून. मोजता येईल ते सगळे मोजण्याचा गॉल्टन यांना नाद होता. १८६९ साली त्यांनी इंग्लंडमधील न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनानी, कवी, शास्त्रज्ञ यांची घराणी तपासली आणि नामवंत माणसाच्या जवळच्या नातलगांत नामवंत अधिक सापडतात, नाते दूरचे होत जाते तसे ते कमी होत जातात, असे दाखवले. यावरून प्रतिभा रक्तातून येते असे त्यांनी ठरवून टाकले. न्यायाधीशाच्या मुलाला वडिलांकडून फक्त रक्त मिळत नाही. घर, ग्रंथसंग्रह, शिक्षक आणि ओळखीपाळखीही मिळतात, ही शंका आज शाळकरी मुलालाही सुचेल. ती त्या काळीही एकाला सुचली. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ अल्फोन्स द काँदोल यांनी १८७३ मध्ये उलट पुरावा मांडला की शास्त्रज्ञ निपजण्यात देश, धर्म, शिक्षणाची सोय आणि विचारस्वातंत्र्य यांचा वाटा मोठा असतो. गंमत अशी, की द काँदोल हे स्वतः एका विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाचे चिरंजीव होते. आपल्या घरातले उदाहरण डोळ्यांसमोर असताना त्यांनी परिस्थितीची बाजू घेतली.

या टीकेला उत्तर म्हणून गॉल्टन यांनी रॉयल सोसायटीच्या सदस्यांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आणि १८७४ साली इंग्रज शास्त्रज्ञांवरचे पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच 'नेचर' आणि 'नर्चर' ही जोडी होती. हे यमक इंग्रजीत तीनशे वर्षे जुने होते आणि शेक्सपिअरनेही ते वापरले होते, पण शास्त्राच्या दफ्तरात त्याची नोंद गॉल्टन यांनी केली. माणसाचे व्यक्तिमत्त्व ज्या असंख्य घटकांनी बनते ते या दोन शीर्षकांखाली नीट वेगळे लावता येतात म्हणून ही शब्दजोडी सोयीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एका वहीत दोन रकाने आखावेत तसे हे झाले. पुढची दीडशे वर्षे सगळे भांडले ते कोणत्या रकान्यात किती लिहायचे यावर; मधली रेघ कोणी आखली आणि ती तेथे आहे तरी का, हे फार थोड्यांनी विचारले.

पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, गॉल्टन यांना जुळ्यांची कल्पना सुचली. जन्मतः सारखी असलेली जुळी पुढे वेगळी होतात का आणि जन्मतः वेगळी असलेली जुळी एकाच घरात वाढून सारखी होतात का, हे पाहिले तर दोन्ही शक्तींचे वजन करता येईल, हा विचार खरोखर कल्पक होता. एकबीज जुळी (एकाच बीजापासून झालेली) आणि द्विबीज जुळी (दोन वेगळ्या बीजांपासून झालेली) यांची पद्धतशीर तुलना करायला मात्र १९२० चे दशक उजाडावे लागले. माझ्या मते गॉल्टन यांचे मूल्यमापन करताना ही दोन पारडी वेगळी ठेवली पाहिजेत. सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती बरोबरीने कमीजास्त होतात हे सांगणारा आकडा; पूर्ण जुळल्यास १) आणि सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती या त्यांच्या संख्याशास्त्रीय कल्पनांवाचून आजचे कोणतेही सामाजिक शास्त्र चालत नाही. त्यांचे निष्कर्ष मात्र पुराव्याच्या कितीतरी पुढे धावत होते. १८८३ साली त्यांनी 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द घडवला. चांगल्या घराण्यांनी अधिक मुले जन्माला घालावीत आणि कमी प्रतीच्या लोकांनी कमी, असा त्याचा थोडक्यात अर्थ. चांगले कोण हे ठरवणारी मंडळी अर्थातच आधीपासून चांगल्या घराण्यांतली होती.

आता या कथेत एक फ्रेंच माणूस येतो आणि त्याच्यावर बराच अन्याय होतो. सामान्य वर्गात मागे पडणारी आणि विशेष मदतीची गरज असलेली मुले कशी ओळखावीत, हा प्रश्न फ्रान्सच्या सरकारपुढे होता. आल्फ्रेद बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ साली त्यासाठी सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या प्रश्नांची एक मालिका तयार केली. बुद्धिमापनाचा खरा आरंभ हाच. पण आपल्या चाचणीतून निघणारा आकडा हा मुलाच्या कपाळावरचा शिक्का आहे असे बिने मानत नव्हते. बुद्धी ही वाढवता न येणारी, ठरावीक मापाची वस्तू आहे, या मताला त्यांनी क्रूर निराशावाद म्हटले आणि मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती वाढवणारे मनाचे व्यायाम सुचवले. १९११ मध्ये ते वारले आणि त्यांची चाचणी अटलांटिक ओलांडून गेली, ती त्यांच्या इशाऱ्याशिवाय.

अमेरिकेत हेन्री गोडार्ड आणि लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी तीच चाचणी जन्मजात बुद्धीचे मापन म्हणून रुजवली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे १७ लाख लोकांची बुद्धी मोजण्यात आली. साक्षरांसाठी 'अल्फा' आणि निरक्षरांसाठी 'बीटा' अशा दोन चाचण्या होत्या. अल्फा चाचणीत 'क्रिस्को' म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असा एक प्रश्न होता. क्रिस्को हे अमेरिकेतील वनस्पती तुपाचे एक नाव आहे. नुकताच बोटीतून उतरलेला इटालियन शेतमजूर हे ओळखू शकला नाही, तर त्यातून त्याच्या जनुकांविषयी काय कळते, हे ज्याचे त्याने ठरवावे. गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय सुमारे १३ वर्षे निघाले, तेव्हा चाचणीविषयी शंका घेण्याऐवजी अनेकांनी राष्ट्राविषयीच चिंता व्यक्त केली.

याच आकड्यांवर मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले. अमेरिकेत जितकी अधिक वर्षे काढलेली, तितके स्थलांतरिताचे गुण अधिक, असे त्यांच्या स्वतःच्या तक्त्यात स्पष्ट दिसत होते. भाषा आणि रीतिरिवाज अंगवळणी पडल्यामुळे गुण वाढत असावेत, हे सरळ स्पष्टीकरण होते. ब्रिगम यांनी काढलेला अर्थ असा, की पूर्वी आलेले लोक चांगल्या वंशाचे होते आणि अलीकडे येणारे हलक्या वंशाचे आहेत. निष्कर्ष आधी ठरलेला असला की आकडा कसा वाकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपला निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे कबूल केले. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्या खात्यावर जमा करावा लागेल. पण तोवर १९२४ चा स्थलांतरावर कडक मर्यादा घालणारा कायदा होऊन गेला होता, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील एका तरुणीची सक्तीची नसबंदी आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली होती. तिची आई, ती स्वतः आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धी आहेत, तेवढ्या पुरे झाल्या, असे निकालपत्रात लिहिले गेले. त्याच तान्ह्या मुलीचे नाव पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकले. अमेरिकेत ६०,००० हून अधिक लोकांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत नाझी सरकारच्या १९३३ च्या कायद्याखाली हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला.

या काळाशी महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळलेला आहे. पुण्याच्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, म्हणजे मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांसाठी १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक आणि पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ. मानवी कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध तपासणे हा कर्वे यांचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही असे लिहिले. पंचविशीच्या आसपासच्या, परक्या देशातल्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष नोंदवणे ही साधी गोष्ट नव्हती. इकडे मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत हे बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतत होते. त्यांचे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात जातिव्यवस्थेच्या सुप्रजननवादी समर्थनाचाच समाचार घेतला. जात ही वंशांची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे त्यांनी बजावले.

सुप्रजननवाद्यांचा हा जोर चालू असतानाच लंबक दुसऱ्या टोकाला निघाला होता. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये वर्तनवादाची घोषणा केली: मनाच्या आत डोकावू नका, बाहेरून दिसणारे वर्तन आणि त्याला कारणीभूत होणारी उद्दीपके एवढेच मोजा. १९२० साली त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोड्याचे घाव घातले आणि त्याच्या मनात उंदराची भीती निर्माण केली. ती भीती घालवण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत. धडधाकट डझनभर बाळे माझ्या हाती द्या, त्यांतल्या कोणालाही मी डॉक्टर, वकील, व्यापारी किंवा अगदी भिकारी आणि चोरसुद्धा बनवून दाखवतो, ही त्यांची प्रतिज्ञा सगळीकडे उद्धृत होते. तिच्या लगेच पुढचे वाक्य मात्र सहसा गाळले जाते. त्यात वॉटसन कबूल करतात, की हे मी पुराव्याच्या पलीकडे जाऊन बोलत आहे, पण विरुद्ध बाजूचे लोक हजारो वर्षे हेच करत आले आहेत. हे वाक्य वाचले की वॉटसन यांच्याविषयीचे मत जरा सौम्य होते.

कोऱ्या पाटीच्या या सिद्धान्ताला मोठा धक्का दिला तो वर्तनवाद्यांच्याच घरातल्या दोघांनी. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य बी. एफ. स्किनर यांच्याकडे शिकलेले. बक्षीस देऊन वर्तन घडवण्याचे तंत्र वापरून ते जाहिराती आणि खेळांसाठी प्राणी तयार करण्याचा व्यवसाय करत. १९६१ मध्ये त्यांनी आपल्या अपयशांची एक खुसखुशीत नोंद प्रसिद्ध केली. एका रॅकूनला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवायचे होते. एक नाणे तो कसाबसा टाकी, पण दोन नाणी हातात आली की ती एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवी आणि पुन्हा बाहेर काढी. खाणे पाण्यात चोळण्याची त्याची उपजत सवय बक्षिसाच्या आमिषाला पुरून उरली. डुकराने नाणी पेटीत टाकण्याऐवजी नाकाडाने जमीन उकरत ढकलली. त्यासाठी बक्षीस मिळत नसतानाही ही उपजत वागणूक दिवसेंदिवस बळावत जाई. पाटी कोरी नव्हती. प्रत्येक प्राण्याच्या पाटीवर काही रेघा आधीच ओढलेल्या होत्या.

इंग्लंडमध्ये दरम्यान मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचा दबदबा होता. जन्मतःच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांचे बुद्ध्यंक किती जुळतात, याचे त्यांनी दिलेले उत्तर प्रमाण मानले जात होते. १९७४ मध्ये प्रिन्स्टनचे लिऑन केमिन यांनी ते निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचले. १९५५ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या, नंतर ३० हून अधिक, १९६६ मध्ये ५३. आणि सहसंबंध गुणांक प्रत्येक वेळी ०.७७१. भाजीच्या गाड्यावर वजन करतानासुद्धा जिन्नस दुप्पट झाल्यावर काटा तिसऱ्या दशांशापर्यंत त्याच जागी थांबत नाही. १९७६ मध्ये एका वृत्तपत्राने बर्ट यांच्या दोन सहलेखिकांचा माग काढण्याचा प्रयत्न केला आणि तो लागला नाही. बर्ट १९७१ मध्येच निवर्तले होते. पुढे काही अभ्यासकांनी त्यांची बाजू मांडली, पण त्यांचे आकडे पुराव्यातून वगळावेत यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

यानंतर जे घडले ते दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. १९७९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी ताटातूट झालेल्या जुळ्यांचा नवा, तपासता येईल असा अभ्यास सुरू केला आणि १९९० मध्ये बुद्ध्यंकातील फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक अनुवंशाशी निगडित असल्याचे सांगितले. म्हणजे बर्ट यांचा संशयास्पद आकडा (०.७७१, म्हणजे सुमारे ७७ टक्के) फेकून दिल्यावर प्रामाणिक कामातून निघालेला आकडा त्याच्या आसपासच होता. या अभ्यासातील ओहायोची एक जोडी जगप्रसिद्ध झाली. ३९ व्या वर्षी भेटलेल्या या दोघांचेही नाव जिम, दोघांच्याही पहिल्या पत्नीचे नाव लिंडा, दुसरीचे बेटी आणि लहानपणच्या कुत्र्याचे नाव टॉय. वृत्तपत्रांना आणखी काय हवे असते? पण लिंडा नावाची मुलगी गाठून देणारे जनुक कोणीही मानत नाही. एकाच राज्यात, एकाच काळात वाढलेल्या दोन समवयस्क माणसांच्या आयुष्यांत हजारो गोष्टी तपासल्या, तर काही जुळणारच. शिवाय दत्तक देणाऱ्या संस्था मुले सहसा बऱ्यापैकी सारख्या घरांतच देतात.

२०१५ मध्ये तोवरच्या ५० वर्षांतील जुळ्यांच्या २,७४८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात जुळ्यांच्या सुमारे एक कोटी ४५ लाख जोड्या आणि १७,८०४ गुणधर्म होते, आणि सर्वांची सरासरी आली ४९ टक्के. 'निम्मे निसर्गाचे, निम्मे संगोपनाचे' असे ऐकून पुष्कळांना बरे वाटले असेल. पण हे ४९ टक्के म्हणजे तुमच्या स्वभावाचे ४९ टक्के नव्हेत. इंग्रजीत ज्याला 'हेरिटॅबिलिटी' म्हणतात तो हा आकडा एका माणसाचे वर्णन करतच नाही. एखाद्या समाजात, एखाद्या काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांतील फरकाशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो.

हे शेतावर चटकन कळते. निरनिराळ्या वाणांचे मिसळलेले ज्वारीचे बी एका पोत्यात आहे असे समजा. त्यातले ओंजळभर बी सारखी जमीन, सारखे खत आणि सारखे पाणी असलेल्या वाफ्यात पेरले, तर ताटांच्या उंचीत जो फरक पडेल तो सगळा बियाण्याचा. हेरिटॅबिलिटी १०० टक्के. त्याच पोत्यातले दुसरे ओंजळभर बी खडकाळ, पण सगळीकडे सारख्याच खडकाळ वाफ्यात पेरले, तर तेथेही ताटाताटांतला फरक १०० टक्के बियाण्याचाच असेल. तरीही पहिला वाफा उंच आणि दुसरा खुरटा दिसेल तो केवळ जमिनीमुळे. अनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचा असाच दाखला देऊन एका गटाच्या आतील फरकाचा आकडा दोन गटांमधील फरकाला लावू नये हे दाखवून दिले. वंशावंशांत किंवा जातीजातींत बुद्धीचा जन्मजात फरक आहे असे सांगणारे लोक नेमकी हीच उडी मारतात. आता तिसरा वाफा घ्या: एकाच वाणाचे बी, पण जमीन जागोजागी वेगळी. तेथे हेरिटॅबिलिटी शून्य होईल. याचा अर्थ तेथे जनुकांनी काम करणे बंद केले असा नव्हे. बियाण्यात फरक नाही, म्हणून फरकाचे श्रेय बियाण्याला जात नाही, इतकेच.

यातून काही विलक्षण गोष्टी निघतात. माणसाला दोन पाय असतात हे जनुकांमुळे, पण पायांच्या संख्येतील फरक बहुधा अपघातांमुळे पडतो, म्हणून पायांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी जवळजवळ शून्य आहे. सगळ्या मुलांना सारखे अन्न आणि सारखी शाळा मिळू लागली, तर परिस्थितीतील फरक घटतो आणि उरलेल्या फरकातला जनुकांचा वाटा वाढतो. समाज जितका समान, तितका हा आकडा मोठा. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांत हेच पाहिले. सुस्थितीतील घरांत बुद्ध्यंकातील फरक मुख्यतः जनुकांशी जोडता येत होता, तर अतिशय गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ नाहीसा झाला होता. युरोप आणि ऑस्ट्रेलियात हा परिणाम पुढे तसा आढळला नाही. तेथील सामाजिक सुरक्षा आणि आरोग्यसेवा हे त्याचे कारण असावे, असा एक तर्क आहे.

आकडा मोठा म्हणजे बदल अशक्य, हा समजही टिकत नाही. सुस्थितीतील समाजात उंचीची हेरिटॅबिलिटी सुमारे ८० टक्के असते. तरी १९१४ ते २०१४ या शंभर वर्षांत दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि ती काही जनुके बदलल्यामुळे नव्हे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात बुद्ध्यंकातही अशीच वाढ दाखवली. अमेरिकेत ती दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांची होती. फिनाइलकीटोन्यूरिया या आजाराचे उदाहरण तर मला सगळ्यांत बोलके वाटते. एका जनुकातील बिघाडामुळे फिनाइलअॅलनीन नावाचे अॅमिनो आम्ल शरीरात साठत जाते आणि बाळाच्या मेंदूला कायमची इजा करते. नॉर्वेचे आस्ब्योर्न फोलिंग यांनी हा आजार १९३४ मध्ये ओळखला. पूर्णपणे आनुवंशिक असा हा आजार आहे. १९५० च्या दशकात त्यावर खास आहाराचा उपाय सापडला आणि १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखता येऊ लागला. कारण शंभर टक्के जनुकात, उपाय ताटात. या आजाराचा मुलगा मंदबुद्धी होतो तो जनुकामुळे की अन्नामुळे, याला टक्केवारीत उत्तर देऊन पाहावे.

आता जनुकेच थेट वाचता येतात, तेव्हा वाद संपेल अशी अपेक्षा होती. २०१८ मध्ये ११ लाख लोकांच्या अभ्यासातून शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित १,२७१ जागा जनुकसंचात सापडल्या. त्यांतल्या एकेकीचा परिणाम काही आठवड्यांच्या शाळेइतकाही नाही, आणि जनुकसंचातले असे सगळे बारीक फरक एकत्र धरूनही शिक्षणातील फरकाचा ११ ते १३ टक्केच भाग सांगता आला. त्याच वर्षी आइसलँडमधून आलेला एक निष्कर्ष मला याहून महत्त्वाचा वाटतो. मुलाला आईची निम्मी आणि वडिलांची निम्मी जनुके मिळतात; उरलेली निम्मी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सुमारे २१,६०० आइसलँडवासी आणि त्यांचे आईवडील यांची तुलना करून तेथील संशोधकांनी ही न मिळालेली जनुके तपासली, तेव्हा त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध निघाला. मिळालेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के इतका तो होता. पवळ्याला ढवळ्याचा वाण लागला नव्हता, पण गुण लागला होता, आणि तो मोजताही आला. मुलाच्या शरीरात नसलेले जनुक त्याच्यावर परिणाम करू शकते ते एकाच वाटेने: ते आईवडिलांच्या शरीरात आहे, त्यातून त्यांचा स्वभाव आणि त्यांचे शिक्षण घडले आहे, आणि त्यातून मुलाभोवतीचे घर उभे राहिले आहे. गॉल्टन यांच्या वहीतल्या दोन रकान्यांपैकी याची नोंद कोठे करायची, ते त्या वहीत लिहिलेले नाही.